निष्कास-हवा अंतःक्षेपण, मोटारसायकलीतील

मोटारसायकलीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंत (जळून उरलेल्या वायूंत) निष्कास झडपेच्या अगदी जवळ ताजी हवा सोडून त्यांतील कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने जाळून टाकण्याच्या व्यवस्थेस निष्कास-हवा अंतःक्षेपण असे म्हणतात. इंधनाबरोबर सिलिंडरात जाणारी हवा ही प्राथमिक हवा व ज्वलनानंतर निष्कासात मिसळली जाणारी ती दुय्यम हवा होय. यावरून या व्यवस्थेस ‘दुय्यम हवा पद्धती’ असेही नाव आहे. भारतातील गॅरेजांत ती ‘एसएआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. जपानी कारखानदारांपैकी यामाहा तिला ‘एआयएस’, होंडा व सुझुकी ‘पेअर’ आणि कावासाकी ‘क्लीन एअर’ पद्धती म्हणतात. नावे निरनिराळी असली, तरी तत्त्व एकच आहे. ही व्यवस्था काढून टाकण्याचा किंवा तिचे तोंड बंद करण्याचा प्रघात अनेक देशांतील मोटारसायकलस्वारांत आढळतो. त्याची कारणे व परिणाम नीट समजण्यासाठी प्रथम तिचे कार्य पाहणे इष्ट ठरते.

तत्त्व : पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनी प्रमाणात १ भाग पेट्रोलास सुमारे १४·७ भाग हवा लागते. एंजिन थंड असताना, मंद गतीने चालू असताना किंवा एकदम वेग घेताना मिश्रण याहून समृद्ध (पेट्रोलाचे प्रमाण जास्त असलेले) ठेवावे लागते. अशा मिश्रणात ऑक्सिजन अपुरा पडतो व कार्बनाचे ज्वलन कार्बन डाय-ऑक्साइडापर्यंत न जाता कार्बन मोनॉक्साइडापाशी थांबते. त्याशिवाय ज्वलनकोठीच्या थंड भिंतींलगतचा व दट्ट्याच्या कड्यांवरील फटीतला मिश्रणाचा थर ज्योत तेथपर्यंत न पोहोचल्याने तसाच राहतो आणि निष्कासाच्या धावेत हायड्रोकार्बनांच्या रूपाने बाहेर पडतो.

हे दोन्ही घटक ज्वालाग्राही आहेत. ते बाहेर पडताना पुरेसे तापलेले असतात. उणीव असते ती ऑक्सिजनाची. हवेत वजनी प्रमाणात सु. २३% ऑक्सिजन असतो. त्या हिशेबाने १ ग्रॅ. कार्बन मोनॉक्साइडाचे कार्बन डाय-ऑक्साइडात रूपांतर करण्यास सु. २·५ ग्रॅ. हवा लागते. ही हवा योग्य जागी मिळाली, तर निष्कास मार्गातच दुसरे, लहान प्रमाणावरील ज्वलन घडते. उत्प्रेरकाच्या मदतीवाचून असे ऑक्सिडीभवन होण्यास हायड्रोकार्बनांच्या बाबतीत ६००° से.च्या वर व कार्बन मोनॉक्साइडाच्या बाबतीत ७००° से.च्या वर तापमान असावे लागते. निष्कास नळीतून पुढे जाताना वायू झपाट्याने थंड होत असल्याने हवा झडपेच्या जितकी जवळ सोडावी, तितका तिचा उपयोग अधिक होतो. म्हणूनच बहुतेक एंजिनांत हवेचा मार्ग सिलिंडराच्या शीर्षातूनच काढलेला असतो.

इतिहास : लॉस अँजेल्स शहरावर पसरणाऱ्या धूरमिश्रित धुक्याचा उगम मुख्यतः मोटारगाड्यांच्या निष्कासातील हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होण्यात आहे, असे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्याने १९६६ च्या नमुन्यांपासून नव्या मोटारगाड्यांच्या निष्कासावर मर्यादा घातल्या. त्या पाळण्यासाठी जनरल मोटर्स कंपनीने ‘एअर इंजेक्शन रिॲक्टर’ व फोर्ड कंपनीने ‘थर्मॅक्टर’ या नावांच्या पद्धती वापरल्या. दोहोंत एंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप दाबाखालील हवा निष्कास मार्गात सोडत असे.

मोटारसायकलीवर पंपासाठी जागा नसते व त्याला लागणारी शक्तीही परवडत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारसायकलींना निष्कास मर्यादा १९७८ च्या नमुन्यांपासून लागू झाल्या व १९८० पासून त्या हायड्रोकार्बनांसाठी दर किमी.स ५ ग्रॅ. आणि कार्बन मोनॉक्साइडासाठी १२ ग्रॅ. अशा ठरल्या. या काळात पंपाऐवजी निष्कासातील दाबाच्या स्पंदांचाच उपयोग करून हवा ओढून घेणारी साधी पद्धत जपानी मोटारसायकलींवर रूढ झाली. यूरोपात १९९९ पासून टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेल्या मर्यादांमुळे तिचा प्रसार आणखी वाढला.

भारतात मंद गतीतील कार्बन मोनॉक्साइडावर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मर्यादा घातली. पुढे १९९१ मध्ये दर किमी.मागील उत्सर्जनाच्या मर्यादा आल्या. दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा १९९६ मध्ये ४·५ ग्रॅ., २००० मध्ये २ ग्रॅ., २००५ मध्ये १·५ ग्रॅ. व २०१० मध्ये १ ग्रॅ. अशी उतरत गेली. या उतरणीच्या काळात १०० ते १५० घ. सेंमी. क्षमतेच्या कार्ब्युरेटरयुक्त मोटारसायकलींवर दुय्यम हवा पद्धती सर्रास बसविली जाऊ लागली; कारण मूळ एंजिनात मोठा फेरफार न करता अल्प खर्चात मर्यादा गाठण्याचा तो मार्ग होता. नव्या नमुन्यांची या मर्यादांनुसार चाचणी करून मान्यता देणाऱ्या संस्थांत पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख आहे.

रचना व कार्य : या व्यवस्थेचे मुख्य भाग चार असतात : हवा गाळणीच्या पेटीतून स्वच्छ हवा आणणारी रबरी नळी, हवेचा मार्ग उघडझाप करणारी नियंत्रक झडप, एकाच दिशेने हवा जाऊ देणारी रीड झडप व शीर्षातून निष्कास द्वारापर्यंत जाणारा अरुंद मार्ग. रीड झडप ही या व्यवस्थेचा गाभा होय. तीत पोलादाची पातळ, लवचिक पट्टी एका छिद्रावर बसविलेली असून तिच्या मागे ती फार वाकू नये म्हणून आधारपट्टी असते. बाजाच्या पेटीतील स्वरपट्टीप्रमाणे ही पट्टी दाबातील फरकाने उचलली जाते व पुन्हा बसते.

निष्कास झडप उघडताच दाबाची लाट नळीतून पुढे धावते व तिच्यामागे विरळ दाबाचा पट्टा निर्माण होतो. या क्षणी द्वारातील दाब बाहेरील वातावरणाच्या दाबाहून कमी असतो; त्यामुळे रीड झडप उचलली जाऊन थोडी हवा आत ओढली जाते. पुढची दाबाची लाट येताच पट्टी बसते व तप्त वायू मागे येऊ शकत नाही. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांस एक स्पंद मिळतो. मिनिटास १,२०० फेरे घेणाऱ्या एंजिनात एका सिलिंडरामागे सेकंदास १० व ६,००० फेऱ्यांना ५० स्पंद होतात. वेग वाढला की विरळ दाबाचा काळ आखूड होतो व निष्कासातील सरासरी दाब वाढतो. त्यामुळे दुय्यम हवेचे प्रमाण घटते. तात्पर्य, ही पद्धत मंद व मध्यम गतीस अधिक परिणामकारक असते आणि शहरातील वाहतुकीत मोटारसायकल बहुतांशी याच गतींत चालते.

नियंत्रक झडपेचे काम वेगळे आहे. स्वाराने थ्रॉटल एकदम मिटले म्हणजे सिलिंडरात उरलेल्या जळक्या वायूंचे प्रमाण वाढते, ठिणगी पडूनही काही वेळा मिश्रण पेटत नाही व ते तसेच निष्कासात जाते. तेथे ताजी हवा मिळाली तर ते तप्त नळीत पेटून ‘फट्-फट्’ असा आवाज होतो. हे टाळण्यासाठी कार्ब्युरेटरयुक्त गाडीत अंतर्ग्रहण नळीतील निर्वात एका पडद्यावर कार्य करून अशा वेळी हवेचा मार्ग बंद करतो. इंधन अंतःक्षेपण असलेल्या गाडीत हेच काम विद्युत् चुंबकीय झडप इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाच्या आज्ञेने करते.

उत्प्रेरकाशी संबंध : उत्प्रेरक परिवर्तकात ऑक्सिडीभवन सु. २५०° ते ३००° से. इतक्या कमी तापमानासही सुरू होते. परंतु ऑक्सिजन तेथेही लागतोच. समृद्ध मिश्रणावर चालणाऱ्या कार्ब्युरेटरयुक्त एंजिनात ऑक्सिडीकारक उत्प्रेरकास हा ऑक्सिजन दुय्यम हवा पुरविते. त्रिमार्गी उत्प्रेरकाची गोष्ट निराळी आहे. तो नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपणही करीत असल्याने त्यास १४·७ : १ च्या अगदी जवळचे मिश्रण लागते व जादा हवेने क्षपण बिघडते. त्यामुळे त्रिमार्गी उत्प्रेरक व ऑक्सिजन संवेदक असलेल्या गाड्यांत दुय्यम हवा मुख्यतः थंड एंजिन सुरू केल्यानंतरच्या थोड्या काळापुरती दिली जाते. संवेदक काम करू लागल्यावर ती बंद करणे आवश्यक असते; एरव्ही संवेदकास जादा ऑक्सिजन दिसून नियंत्रक चुकीने इंधन वाढवील.

दोष व तपासणी : व्यवस्थेत हलणारे भाग थोडे असल्याने ती सहसा बिघडत नाही. कालांतराने रीड पट्टीवर काजळी साचते, पट्टी वाकते किंवा तिची कड तुटते. पट्टी पूर्ण बसेनाशी झाली की तप्त निष्कास उलट दिशेने नळीत शिरतो. रबर कडक होऊन तडकते, नळी करपते व जळके वायू गाळणीच्या पेटीत पोहोचून एंजिनाची मंद गती अस्थिर होते. नळीस चीर गेल्यास गाळणीवाचून धूळयुक्त हवा आत जाते व फुसफुस असा आवाज येतो.

तपासणी सोपी आहे. गाळणीच्या पेटीकडून येणारी नळी सोडवून मंद गतीत तिच्या तोंडाशी बोट धरले असता ओढ जाणवली पाहिजे. बाहेर फुंकर येत असल्यास रीड झडप गळते असे समजावे. काढलेल्या रीड झडपेतून हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. दुरुस्ती म्हणजे बहुधा काजळी साफ करणे वा झडप आणि नळी बदलणे एवढीच असते.

बंद करण्याची कारणे : ही व्यवस्था बंद करण्यामागे सामान्यतः पाच कारणे दिली जातात. (१) मूळ सायलेन्सर काढून मोकळा सायलेन्सर बसविल्यावर थ्रॉटल मिटताना होणारे फटाके. (२) निष्कास नळीतील ज्वलनाने तिचा एंजिनाकडील भाग अधिक तापून क्रोमियमाच्या मुलाम्यावर येणारी निळसर-पिवळसर झाक. (३) एंजिनावरील नळ्या व झडपा कमी करून ते उघडे व सुटसुटीत दिसावे अशी हौस आणि शर्यतीच्या गाडीत थोडे वजन वाचविण्याचा हेतू. (४) निष्कास वायूंचे विश्लेषण करून कार्ब्युरेटर वा इंधन-तक्ता जुळवताना दुय्यम हवेमुळे येणारी चूक टाळणे. (५) शक्ती वाढेल ही समजूत.

यांपैकी चौथे कारण शास्त्रीय आहे. पण ते तात्पुरत्या बंदीचे आहे. निष्कासातील कार्बन मोनॉक्साइड मोजून मिश्रण जुळवताना दुय्यम हवेची नळी सोडवून तोंड बुजवावे व काम झाल्यावर ती पूर्ववत जोडावी, अशी सूचना कारखानदारांच्या दुरुस्ती-पुस्तिकांतही आढळते. पाचवे कारण निराधार आहे. पट्ट्यावर चालणारा पंप एंजिनाची थोडी शक्ती खात असे, हे खरे. तो अनुभव स्पंदांवर चालणाऱ्या पद्धतीस लावणे चूक आहे. तिला एंजिनाची शक्ती लागत नाही व हवा झडपेच्या पलीकडे मिसळत असल्याने सिलिंडरातील ज्वलनावर तिचा प्रत्यक्ष परिणाम होत नाही. त्यामुळे ती काढल्याने शक्तीत वा इंधनाच्या खर्चात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. एखाद्यास फरक जाणवलाच, तर तो बहुधा त्याच वेळी बदललेल्या सायलेन्सराचा, गाळणीचा वा जेटाचा असतो.

बंद करण्याच्या रीती व त्यांतील चुका : रीड झडपेचे घर काढून तेथे धातूची सपाट पट्टी बसविणे, घरातच हवाबंद पत्रा घालणे किंवा नळीत गोळी अथवा बूच ठोकणे या रीती प्रचलित आहेत. शेवटची रीत सर्वांत सोपी व सर्वांत कच्ची होय. कारण रीड झडप गळत असल्यास नळीचे रबर तापून करपते व बूच सैल होते. नळी काढून गाळणीच्या पेटीचे भोक उघडे ठेवणे ही दुसरी नेहमीची चूक होय. त्या भोकातून न गाळलेली हवा व धूळ सिलिंडरात जाऊन दट्ट्याची कडी झिजतात. शीर्षावरील पट्टीखालचा जोड हवाबंद न झाल्यास तेथून निष्कास गळतो किंवा हवा आत ओढली जाते व जे फटाके थांबवायचे तेच वाढतात. इंधन अंतःक्षेपणाच्या गाडीत विद्युत् झडप सोडवल्यास अनेक नमुन्यांत नियंत्रक दोषाची नोंद करून दर्शक-दिवा लावतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. थ्रॉटल मिटताना होणारे फटाके हे दुय्यम हवेचे लक्षण असतेच असे नाही. मंद गतीचे मिश्रण फार विरळ असणे, निष्कास नळीचा सांधा गळणे, ठिणगी गुडदी मळणे किंवा नियंत्रक झडपेचा पडदा फाटणे ही मूळ कारणे असू शकतात. दुय्यम हवा बंद केल्याने आवाज थांबतो. पण मूळ दोष तसाच राहतो व न जळलेले पेट्रोल मुकाट्याने बाहेर जात राहते. मूळ बांधणीची गाडी एकाएकी फटाके काढू लागली, तर बूच मारण्याआधी वरील चार गोष्टी पाहणे उचित ठरते.

परिणाम : हवा बंद झाल्यावर निष्कास नळी काहीशी कमी तापते, फटाके कमी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांचे प्रमाण वाढते. ही वाढ किती, हे एंजिन, मिश्रण व उत्प्रेरक यांवर अवलंबून असते. मिश्रण जितके समृद्ध, तितकी ती जास्त असते. ऑक्सिडीकारक उत्प्रेरक असलेल्या गाडीत हवा बंद करणे म्हणजे उत्प्रेरक निम्मा निकामी करण्यासारखेच आहे. उलट, मिश्रण अतिसमृद्ध असताना हवा चालू राहिली, तर उत्प्रेरकात अतिशय उष्णता निर्माण होऊन त्याचा गाभा वितळण्याचा धोका असतो. म्हणून जेट बदलून मिश्रण वाढविणेही तितकेच अनिष्ट होय.

दुय्यम हवेने प्रदूषण कमी होत नाही, ती केवळ निष्कास पातळ करून मापकास फसवते, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. त्यात अंशतः तथ्य आहे. निष्कासात ४% कार्बन मोनॉक्साइड असून त्यात घनफळाच्या पाव पट हवा मिसळली व काहीच जळले नाही, तरी मापकावर ३·२% दिसेल. वायूचे वजन मात्र तेवढेच राहील. पीयूसी तपासणीत मंद गतीतील निष्कासाची टक्केवारी मोजतात, त्यामुळे तेथे असा फरक पडू शकतो. तथापि नव्या नमुन्याच्या मान्यतेसाठी होणाऱ्या चाचणीत गाडी ठराविक चक्रानुसार रुळांवर चालवून सर्व निष्कास गोळा करतात व दर किमी.मागे प्रत्येक घटक किती ग्रॅ. निघाला हे काढतात. तेथे पातळ करण्याने काहीच साधत नाही; घटक खरोखर जळावाच लागतो. या चाचणीसाठी कारखानदारांनी ही पद्धत बसविली, यावरूनच ती केवळ देखाव्याची नाही हे स्पष्ट होते.

कार्बन मोनॉक्साइडास वास वा रंग नसतो. रक्तातील हीमोग्लोबिनाशी त्याचा संयोग ऑक्सिजनाच्या मानाने दोनशेपटींहून अधिक सहजतेने होतो व रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. हृद्‌रोगी व गरोदर स्त्रिया यांना तो विशेष अपायकारक असतो. हायड्रोकार्बनांत बेंझिनासारखी कर्कजनक द्रव्ये असतात. एका मोटारसायकलीचा वाटा लहान असला, तरी भारतातील नोंदलेल्या वाहनांत दुचाकींचा हिस्सा सु. तीन-चतुर्थांश आहे. चौकातील दिव्यापाशी मंद गतीत चालू ठेवलेल्या एंजिनांचा धूर सर्वांत आधी स्वार, पादचारी व वाहतूक पोलीस यांच्याच श्वासात जातो; आणि दुय्यम हवा पद्धती ज्या गतीस सर्वाधिक उपयोगी पडते, ती हीच होय.

कायदेशीर बाजू : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्वच्छ हवा अधिनियमानुसार वाहनावरील उत्सर्जन नियंत्रणाचा भाग काढणे किंवा निकामी करणे हा गुन्हा आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने वाहनातील फेरफारांवर निर्बंध घातले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने अननुज्ञात फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, तसेच प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक जागी चालविल्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद केली. २००० च्या मार्चनंतर बनलेल्या चार धावांच्या दुचाकींसाठी पीयूसी तपासणीतील मर्यादा २००४ मध्ये कार्बन मोनॉक्साइड ३·५% व हायड्रोकार्बने दशलक्ष भागांत ४,५०० अशी ठरली. ही मर्यादा बरीच सैल असल्याने हवा बंद केलेली गाडीही तीत उत्तीर्ण होऊ शकते. अर्थात तेवढ्याने तो फेरफार वैध ठरत नाही. केवळ बंदिस्त मार्गावरील शर्यतींत धावणाऱ्या गाड्यांचा प्रश्न वेगळा असून त्यांना त्या त्या स्पर्धेचे नियम लागू पडतात.

भारत स्टेज सहा ही मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यांत दुचाकींसाठी हायड्रोकार्बनांची मर्यादा दर किमी.स ०·१ ग्रॅ. इतकी खाली आली. परिणामी कार्ब्युरेटराची जागा इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपणाने घेतली व गाडीतील दोष गाडीनेच नोंदविण्याची व्यवस्था आवश्यक झाली. मिश्रणाचे नियंत्रण सूक्ष्म झाल्याने नव्या गाड्यांत दुय्यम हवेचे महत्त्व थंड एंजिनापुरते मर्यादित झाले आहे. काही नमुन्यांत ती वगळलेलीही असते. रस्त्यांवरील जुन्या कार्ब्युरेटरयुक्त मोटारसायकलींत मात्र निष्कास शुद्ध ठेवण्याचे एक प्रमुख साधन म्हणून तिचे महत्त्व कायम आहे आणि थोडी काजळी साफ करून व एक नळी बदलून ती चालू ठेवता येते.